पेप्टाइड साखळीचे कोन हातात धरून शिका: जुन्या पत्रिका, तार आणि रिकाम्या रिफिली

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला रामचंद्रन आलेख, म्हणजे प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते ते दाखवणारा आलेख, काढायला सांगितला होता. पाठच होता. फळ्यावर झरझर काढला, अल्फा इथे, बीटा तिथे, ठिपके भरले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "फाय हा कोन कोणत्या अणूंचा?" मी म्हटलं, "नायट्रोजन आणि सी-अल्फाचा." "दोन अणूंचा कोन कसा काय होतो?" पुढचं सांगत नाही.

त्यानंतर मी तो आलेख बाजूला ठेवला आणि कागदाची साखळी केली. आता कुणी नवीन मूल प्रथिनांच्या रचनेकडे वळलं की मी त्याला आधी संगणक उघडू देत नाही, कात्री देतो. एक रविवार लागतो. पण त्यानंतर फाय, साय, ओमेगा ही साखळीच्या पिळाच्या कोनांची नावं डोक्यात नाही, बोटांत राहतात.

सामान घरातलंच आहे: जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, कोनमापक, पट्टी, बॉलपेनच्या चार-पाच रिकाम्या रिफिली, त्यांच्या नळीत घट्ट बसेल अशी तार, फेविकॉल, मुलांची खेळायची माती आणि टूथपिक. प्रमाण ठरवून टाकू: १ अँगस्ट्रॉम म्हणजे २ सेंमी. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, म्हणजे आपली साखळी खऱ्यापेक्षा वीस कोटी पट मोठी होणार.

पहिली पायरी: एक कार्ड नीट आखा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. पेप्टाइड बंध म्हणजे एका अमिनो आम्लाच्या कार्बोनिल कार्बनला (ज्याला ऑक्सिजन जोडलेला असतो त्या) पुढच्याचा नायट्रोजन जोडलेला. या बंधाच्या दोन बाजूंना दोन सी-अल्फा असतात, म्हणजे अमिनो आम्लाचे मधले कार्बन, ज्यांना बाजूची साखळी जोडलेली असते. अशा सहा अणूंचा गट (सी-अल्फा, कार्बोनिलचे सी आणि ओ, एन, एच आणि पुढचा सी-अल्फा) एकाच प्रतलात सपाट बसतो. म्हणून तर कागदाचं कार्ड चालतं.

कार्डावर ३ सेंमीची आडवी रेघ ओढा. डावं टोक पहिला सी-अल्फा, उजवं टोक सी. सी वर कोनमापक ठेवून ११७ अंशांवर, वरच्या अंगाला, २.७ सेंमीची रेघ ओढा. तिच्या टोकाला एन. एन वर १२२ अंशांचा कोन करून २.९ सेंमीची रेघ ओढा, पण यावेळी वळण उलट्या बाजूला घ्या, म्हणजे आकृती नागमोडी होईल. टोकाला दुसरा सी-अल्फा. आता सी वरून खालच्या अंगाला २.५ सेंमीचा ओ काढा, तो पहिल्या रेघेशी १२० आणि सी-एन रेघेशी १२३ अंश करेल. एन वरून वरच्या अंगाला २ सेंमीचा एच, दोन्हीकडून ११९ अंशांवर.

झालं? आता पट्टी घेऊन पहिल्या सी-अल्फापासून दुसऱ्या सी-अल्फापर्यंत मोजा. ७.६ सेंमी यायला हवं, म्हणजे ३.८ अँगस्ट्रॉम. हा आकडा एवढा ठाम आहे की प्रथिनातल्या अणूंच्या जागा नोंदलेल्या फाईलमध्ये लागोपाठचे दोन सी-अल्फा ३.८ वर नसतील तर मी आधी फाईलवरच संशय घेतो. तुमच्या कार्डावर ५.६ च्या आसपास आलं असेल तर एन वरचं वळण तुम्ही त्याच बाजूला घेतलंत. ते कार्ड टाकू नका. तो सिस बंध आहे, त्याच्याकडे पुढे येऊ. नागमोडी तो ट्रान्स.

कोनांची बेरीजही करून बघा. सी भोवती ११७, १२० आणि १२३ मिळून ३६०. एन भोवती १२२, ११९ आणि ११९ मिळून ३६०. अणूभोवतीच्या तीन कोनांची बेरीज बरोबर ३६० येते तेव्हा तो अणू आपल्या तीन शेजाऱ्यांसह सपाट असतो. पुस्तकात अशा सपाट अणूला "एसपी-टू, म्हणून १२०" असं एका ओळीत उरकतात. खरा कोन नेमका १२० क्वचितच असतो. ओ च्या बाजूला जागा जास्त लागते, म्हणून तिकडे १२३ आणि सी-अल्फाच्या बाजूला ११७.

नायट्रोजन तर अमाइनमध्ये पिरॅमिडसारखा असतो. इथे तो सपाट का झाला? त्याची एकटी इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये वाटली जाते. त्यामुळे सी-एन बंध थोडा दुहेरी होतो. साधा एकेरी सी-एन बंध १.४७ अँगस्ट्रॉम, दुहेरी १.२७ च्या आसपास, आणि पेप्टाइडमधला १.३३. मधोमध नाही, दुहेरीकडे झुकलेला. हा बंध पिळायचा तर मोलमागे सुमारे ८० किलोज्यूल मोजावे लागतात. शरीराच्या तापमानाला एवढी किंमत सहज कुणी देत नाही. या पिळाच्या कोनाला ओमेगा म्हणतात आणि ट्रान्स बंधात तो १८० अंशांजवळ राहतो. पाच-सहा अंश इकडे तिकडे चालतं.

केंब्रिजमध्ये ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ यांनी १९५० मध्ये साखळीच्या संभाव्य कुंडलांची (हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळणांची) यादी छापली, तेव्हा हा सपाटपणा त्यांनी सक्तीचा धरला नव्हता. खरं कुंडल त्यांच्या हातून निसटलं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगला तो सपाटपणा ठाऊक होता. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडला असताना त्याने कागदावर साखळी काढली आणि कागदच घड्या घालून वळवला. १९५१ मध्ये कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह त्याने अल्फा कुंडल प्रसिद्ध केलं. म्हणजे कागद आणि कात्री हा काही बालवाडीचा मार्ग नव्हे.

अशी सहा कार्डं कापा. कडेने जास्तीचा कागद काढून टाका, ओ आणि एच चे हात बाहेर आलेले दिसू द्या आणि सी-अल्फा अगदी टोकावर येऊ द्या.

दुसरी पायरी: बिजागरी

इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन कार्डं टोकाला दोऱ्याने बांधली तर ती कशीही हलतात. खरी साखळी तशी हलत नाही. ती फक्त दोन अक्षांभोवती फिरते: एन पासून सी-अल्फापर्यंतच्या बंधाभोवती आणि सी-अल्फापासून सी पर्यंतच्या बंधाभोवती.

म्हणून प्रत्येक कार्डावर या दोन रेघांवर रिफिलच्या नळीचे अडीच सेंमीचे तुकडे चिकटवा, तोंड सी-अल्फाकडे. तारेचे पाच सेंमीचे तुकडे कापा आणि प्रत्येक तुकडा मधोमध १११ अंशांत वाकवा. तारेचा बाक म्हणजे सी-अल्फा. तारेचा एक हात पहिल्या कार्डाच्या एन-कडच्या नळीत, दुसरा हात दुसऱ्या कार्डाच्या सी-कडच्या नळीत. कार्ड तारेभोवती फिरतं, पण १११ अंश हलत नाही.

१११ का? सी-अल्फाला चार शेजारी आहेत, चतुष्फलकाचा आदर्श कोन १०९.५. इथे तो थोडा फाकतो. खऱ्या प्रथिनांत हा एक कोन इतरांपेक्षा जास्त लवचीक आहे, दोन-चार अंश मागेपुढे होतो, ग्लायसीन या बाजूची साखळी नसलेल्या अमिनो आम्लात ११३ च्या आसपास जातो. तुमची तार दोन अंश चुकली तर झोप उडवून घेऊ नका.

पहिल्या कार्डाचं तारेभोवती फिरणं म्हणजे फाय. दुसऱ्याचं फिरणं म्हणजे साय. सहा कार्डं, पाच बिजागऱ्या, दहा कोन. लांब्या ठरलेल्या, बंधकोन ठरलेले, ओमेगा ठरलेला. साखळीच्या कण्याचा आकार उरला तो या दहा आकड्यांत.

आता प्रत्येक बाकावर मातीच्या गोळीने एक टूथपिक बसवा, ३ सेंमी लांब. हा सी-बीटा, म्हणजे बाजूच्या साखळीची सुरुवात. तो कोणत्या अंगाला? आपली अमिनो आम्लं 'एल' जातीची. सी-अल्फावरचा हायड्रोजन तुमच्या नाकाकडे धरा आणि घड्याळाच्या दिशेने वाचा: सीओ, मग आर (म्हणजे बाजूची साखळी), मग एन. इंग्रजी अक्षरं जोडली की 'कॉर्न' होतं, म्हणून मी याला मक्याचा नियम म्हणतो. उलट वाचलं गेलं तर टूथपिक दुसऱ्या अंगाला लावा.

तिसरी पायरी: पिळाचा कोन घड्याळावर वाचा

साधा कोन तीन अणूंचा. पिळाचा कोन चार अणूंचा, आणि परीक्षेत मला हेच आलं नव्हतं. फाय चे चार अणू: मागच्या अवशेषाचा (साखळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लाला अवशेष म्हणतात) सी, मग एन, सी-अल्फा, सी. साय चे चार: एन, सी-अल्फा, सी, पुढचा एन. ओमेगाचे चार: सी-अल्फा, सी, एन, पुढचा सी-अल्फा.

मोजायची रीत अशी. चारांपैकी मधल्या दोन अणूंच्या बंधातून दुर्बिणीतून बघावं तसं बघा. हा बंध आता एक ठिपका दिसेल. जवळच्या टोकाचा बंध १२ वर धरा. लांबच्या टोकाचा बंध घड्याळात किती वर आहे? ३ वर म्हणजे अधिक ९०. ९ वर म्हणजे उणे ९०. ६ वर म्हणजे १८०. एका तासाला ३० अंश.

अल्फा कुंडलात फाय उणे ५७ आणि साय उणे ४७ च्या आसपास: पहिला जवळजवळ १० वर, दुसरा १० आणि ११ च्या मध्ये. बीटा पट्टीत, म्हणजे साखळी ताणलेली असते तिथे, फाय उणे १२० च्या जवळपास, म्हणजे ८ वर. साय अधिक १३५ च्या जवळपास, म्हणजे साडेचार वाजले. बंधाच्या कुठल्या टोकाकडून बघितलं याने उत्तर बदलत नाही. दोन्हीकडून बघून खात्री करा, पहिल्यांदा पटत नाही.

जुने शोधनिबंध वाचाल तर सावध राहा. त्या काळी पूर्ण ताणलेल्या साखळीला शून्य धरत, आता १८० धरतात. १९७० च्या सुमारास संकेत बदलला. म्हणून जुन्या आलेखांत सगळं १८० अंशांनी सरकलेलं दिसतं.

चौथी पायरी: कोण कुणाला आपटतं

एका बिजागरीवर फाय आणि साय दोन्ही शून्य करा. मागच्या कार्डाचा ओ आणि पुढच्या कार्डाचा एच एकमेकांवर येतात. आता फाय शून्य, साय १८०: दोन ऑक्सिजन समोरासमोर. फाय १८०, साय शून्य: दोन हायड्रोजन समोरासमोर. प्रत्येक वेळी पट्टी लावा. मर्यादा या: ओ आणि ओ यांच्यात किमान २.७ अँगस्ट्रॉम, आपल्या मापात ५.४ सेंमी. एच आणि एच यांच्यात २.०, म्हणजे ४ सेंमी. ओ आणि एच यांच्यात २.४, म्हणजे ४.८ सेंमी. पट्टी यापेक्षा कमी दाखवत असेल तर ती स्थिती बाद. ओ-एच मध्ये हायड्रोजन बंध जुळत असेल तर मात्र ते यापेक्षा जवळ येऊ शकतात.

मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी हेच केलं, फक्त कागदाऐवजी गणिताने. फाय-साय च्या जोड्या घेऊन प्रत्येक अणुजोडीचं अंतर काढलं, कमी भरलं तिथे फुली. १९६३ मध्ये तो आलेख छापून आला. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था आधी कोलॅजेनच्या तिपेडी रचनेवर काम करत होते. अणू किती जवळ बसू शकतात यावरून तिथे वाद झाला आणि हा प्रश्न मुळापासून सोडवायला हवा असं ठरलं. तेव्हा अणुपातळीवर सुटलेलं प्रथिन म्हणजे जवळजवळ एकटं मायोग्लोबिन. तरी पुढे आलेली हजारो प्रथिनं त्या मोकळ्या बेटांवरच उतरली. मला या आलेखाचं हेच कौतुक वाटतं: त्यात ऊर्जेचं अवघड सूत्र नाही, "दोन वस्तू एका जागी मावत नाहीत" एवढंच आहे.

तुम्हीही एक छोटा आलेख करा. वहीत चौकोन आखा, आडवा फाय, उभा साय, दोन्ही उणे १८० ते अधिक १८०. दर ६० अंशांवर थांबून पट्टी लावा, आपटलं तर फुली. टूथपिकवरही लक्ष ठेवा: फाय अधिक बाजूला गेलं की सी-बीटा मागच्या कार्बोनिलच्या ओ-कडे सरकतो. म्हणूनच आलेखाची उजवी बाजू जवळजवळ ओसाड असते. टूथपिक उपटून टाका, म्हणजे ग्लायसीन झालं, आणि उजवीकडे बरीच जागा मोकळी होते.

प्रोलीन हे अमिनो आम्ल करायचं असेल तर एन-कडच्या नळीत फेविकॉल घालून फाय उणे ६५ वर चिकटवून टाका. त्याची बाजूची साखळी वळून नायट्रोजनलाच जोडलेली असते, तो कोन फिरतच नाही. एच चा हातही कापा, कारण त्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरत नाही. आणि ते बाजूला ठेवलेलं सिस कार्ड आता काढा. बाकी अमिनो आम्लांच्या आधी सिस बंध हजारात एखादाही मिळणं मुश्कील, प्रोलीनच्या आधी मात्र शंभरात पाचेक वेळा मिळतो. तुमच्या सिस कार्डावर सी-अल्फांमधलं अंतर २.८ अँगस्ट्रॉम भरलं, खऱ्यात ते २.९ ते ३ असतं, कारण दोन सी-अल्फा जवळ आल्यावर एन आणि सी वरचे कोन थोडे फाकून जागा करून देतात.

पाचवी पायरी: कुंडल वळा

सगळ्या बिजागऱ्या फाय १० वर, साय साडेदहावर. एकेक लावत चला, शेवटी एकदम लावायला गेलात तर तारा गुंततात. मी पहिल्यांदा चिन्ह उलटं धरलं, सगळं २ वर आणि दीडवर लावलं, आणि सुंदर कुंडल झालं. फक्त डाव्या पिळाचं. टूथपिक सगळ्या ओ च्या हातांना घासत होत्या तरी मला कळेना काय चुकलं. तुमचं कुंडल बाजारातल्या नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखं चढायला हवं.

बरोबर जमलं तर पहिल्या कार्डाचा ओ आणि चौथ्या कार्डाचा एच समोरासमोर येतात, साधारण ४ सेंमीवर. ओ पासून एन पर्यंत ६ सेंमीला थोडं कमी. तिथे लाल दोरा बांधा, तो हायड्रोजन बंध. दुसरा-पाचवा, तिसरा-सहावा असे तीन दोरे बसतील. एका आट्यात ३.६ अवशेष, दर अवशेषाला ३ सेंमी चढ, पूर्ण आट्याला १०.८ सेंमी. सहा कार्डांचं कुंडल १८ सेंमी उंच होतं. तीच साखळी बीटासारखी ताणलीत तर साधारण ४० सेंमी. टूथपिक सगळ्या बाहेर रोखलेल्या असतील, किंचित साखळीच्या सुरुवातीकडे झुकलेल्या.

सहावी पायरी: आता संगणक

रेणू पडद्यावर दाखवणारं पायमोल किंवा कायमेरा-एक्स, जे हाताशी असेल ते. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहातून युबिक्विटिन हे प्रथिन उतरवा. त्याचा कोड चार खुणांचा: इंग्रजी १ हा आकडा, मग यू, बी, क्यू ही अक्षरं. छोटं प्रथिन आहे, ७६ अवशेष, १९८७ मध्ये क्ष-किरणांनी १.८ अँगस्ट्रॉम विभेदनाने (किती बारीक तपशील दिसतो त्याचं माप) सोडवलेलं. नवशिक्याला याहून बरं मिळणार नाही: कुंडल आहे, पट्ट्या आहेत, तीन प्रोलीन आहेत आणि गोंधळ घालायला फारसं काही नाही.

पायमोलमध्ये काड्यांचं चित्र लावा, विझार्ड यादीतून मेजरमेंट उघडा, डायहेड्रल निवडा आणि चार अणूंवर ओळीने टिचक्या मारा. अवशेष २३ ते ३४ हे कुंडल. २७ व्या लायसीनचा फाय हवा तर २६ चा सी, २७ चे एन, सी-अल्फा, सी. आकडा येण्याआधी चित्र फिरवून बंधातून बघा आणि वेळ सांगा. मग ३७ व्या आणि ३८ व्या प्रोलीनच्या आधीचे ओमेगा मोजा. नुसतं प्रोलीन दिसलं म्हणून सिस धरू नका. हायड्रोजन शोधत बसू नका, या विभेदनाला क्ष-किरणांत ते दिसत नाहीत, फाईलमध्ये नाहीतच.

आणि एक गोष्ट शिकवताना सहसा राहून जाते. सी-एन बंध मोजाल, १.३३ येईल, आनंद होईल. पण तो आनंद जरा आवरा. रचना जुळवताना संगणकाला आधीच सांगितलेलं असतं की बंधलांब्या आणि कोन अमुकच्या आसपास ठेव. आज वापरतात त्या आकड्यांचा पाया एंघ आणि ह्यूबर यांच्या १९९१ च्या तक्त्यात आहे, तो लहान रेणूंच्या स्फटिकांवरून काढलेला. तेव्हा अशा फाईलमधला १.३३ हा पुष्कळसा आपणच घातलेला आकडा असतो. फाय आणि साय मात्र सहसा असे बांधून ठेवत नाहीत. म्हणून रचना खरी उतरली की नाही हे बघायला तपासनीस रामचंद्रन आलेख मागतात. चांगल्या रचनेत ९८ टक्क्यांहून जास्त अवशेष पसंतीच्या भागात पडायला हवेत. आलेख सुंदर दिसावा म्हणून तेही कोन बांधून घेतले, तर तपासायला काय उरलं?

युबिक्विटिनचा आलेख काढलात की उजव्या ओसाड बाजूला काही ठिपके दिसतील. ३५ आणि ४७ ही ग्लायसीनं आहेत, त्यांना टूथपिकच नाही. ४६ वर बोट ठेवा. तो अलॅनिन आहे, सी-बीटा आहे, तरीही फाय अधिक आहे, आणि ती चूक नाही. साखळी तिथे चिंचोळं वळण घेते. कार्डांच्या साखळीत मधली एक बिजागरी २ वर, म्हणजे अधिक ६० वर लावा आणि टूथपिक मागच्या ओ पासून किती लांब राहते ते पट्टीने मोजा. मग पडद्यावर ४६ च्या सी-बीटापासून ४५ च्या ओ पर्यंत मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.